खाडी कशी ओलांडली

तार आली तेव्हा मी ती आधी खोटीच धरली. "त्र्यंबक गेला, लगेच या," एवढंच तिच्यात होतं. त्र्यंबक कल्याणच्या स्टेशनावर तारमास्तर. जन्मभर लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या कडकट्ट करत बसलेला आणि पक्का थट्टेखोर. मागे एकदा "प्रकृती गंभीर, ताबडतोब निघ" अशी तार ठोकून त्याने मला ठाण्याहून कल्याणला पळवलं होतं. धापा टाकत पोचलो तर हा ओसरीवर पुरणपोळी खात बसलेला! म्हणे, "एरवी बोलावलं असतं तर तू आला असतास का रे, दाम्या?" म्हणून या वेळी मी तार उलटीसुलटी केली, शिक्का पाहिला, वेळ पाहिली, तारवाल्याची उलटतपासणीसुद्धा घेतली. तो बिचारा म्हणाला, "साहेब, मी नुसती पोचवतो." अंगरखा चढवेपर्यंत माझ्या मनात हाच विचार होता, की गेल्या गेल्या त्याची चांगली हजेरी घ्यायची. गेलो तर माणसं स्मशानातून परत येत होती. चार दिवसांचा ताप, बस्स... त्याला आता दीड महिना होऊन गेला.

मी स्वभावाने संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ठाण्याच्या कोर्टात वीस वर्षं कारकुनी केली. गंगेची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारे इतके ऐकले, की आता कुणी "आज ऊन आहे" म्हटलं तरी मी खिडकीबाहेर बघतो. घरातली मंडळी याला कंटाळली आहेत. त्र्यंबक मात्र कंटाळला नव्हता. लहानपणी आम्ही एका शाळेत होतो, एका बाकावर बसून छड्या खाल्ल्या. तो म्हणायचा, "दाम्याने खरं म्हटलं की ते खरं. बाकीच्यांचं काय, त्यांना बोरं दिली तरी खरं म्हणतील." या वाक्याचा मला फार अभिमान होता. पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं.

विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनिअर साहेबाकडून त्र्यंबकने पायगाडी, म्हणजे सायकल, मिळवली, तेव्हा ठाणे-कल्याणात मिळून अशा तीन की चार गाड्या असतील. तो डोंबिवलीच्या भातखाचरांच्या बांधावरून ती चालवायला शिकला आणि दर दोन दिवसांनी चिखलात पडायचा. लावणीला वाकलेल्या बायका उभ्या राहून हसायच्या. असं करत करत शिकला. मग एके दिवशी आमच्या तळ्याकाठच्या वाचनालयात वाद पेटला. कुणीतरी म्हणालं, ही साहेबांची चैन आहे, कोरड्या सडकेवर संध्याकाळी मिरवायला ठीक, आपल्या पावसात ती दोन कोससुद्धा जायची नाही. त्र्यंबक ताडकन उठला. "ठाण्याहून नाशिक आणि नाशिकहून ठाणं. श्रावणात. चार दिवसांत, इथून निघून इथेच परत. कुठे गाडीत बसणार नाही, बैल जोडणार नाही." जाऊन येऊन दोनशेला थोडे कमी मैल, मध्ये कसाऱ्याचा घाट, आणि इकडे कोलशेतची खाडी. सगळे हसले. पण वही तयार झाली. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी कुणा प्रतिष्ठित माणसाची सही आणि वेळ घ्यायची, शेवटच्या पानावर पंचाने शेरा मारायचा. पंच कोण? त्र्यंबकनेच माझ्याकडे बोट दाखवलं. "दाम्याने खरं म्हटलं की ते खरं."

गुरुवारी झुंजुमुंजू होताना तो निघाला. रविवारी सूर्य मावळायच्या आत परतायचं होतं. पाऊस असा, की तळ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. शुक्रवारी नाशिकहून तार आली, "पोचलो. पाय आहेत." शनिवारी दुपारनंतर मात्र काहीच नाही. त्याच दुपारी कोलशेतच्या तरीवाल्यांनी तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव, बंद केली. खाडी फुगली होती, वरून झाडं वाहत येत होती. कल्याणकडची तरसुद्धा बंद. मी स्वतः छत्री घेऊन कोलशेतला जाऊन आलो. तरीवाला म्हणाला, "सोमवारपर्यंत नाव न्हाय निघायची, रावसाहेब. आमी काय मराला बसलोय का?" म्हणजे त्र्यंबक पलीकडेच अडकला. हरला. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं, पण थोडं हायसंही वाटलं. निदान बुडाला तरी नाही.

आणि रविवारी चारच्या सुमाराला वाचनालयापुढे एकच ओरडा झाला! तळ्याच्या बाजूने त्र्यंबक येत होता. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी, पायगाडीला चिखलाची पुटं, हँडलला दोरी गुंडाळलेली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. रात्री जेवणावळ माझ्याच घरी. ओसरीवर बसून त्याने घाटाचं सांगितलं. उतारावर ब्रेक चालेना, तेव्हा पायातली वहाण चाकावर दाबली. ती फाटून दरीत गेली. मग एका झाडाची मोठी फांदी तोडून दोरीने मागे बांधली आणि ती फरफटत घाट उतरला. पोरं हसून हसून लोळली. इगतपुरीच्या पोस्टमास्तराची सही, कसाऱ्याच्या फौजदाराची, शहापूरच्या शाळामास्तराची, भिवंडीच्या मुनसफाच्या कारकुनाची. भिवंडीची वेळ शनिवारी संध्याकाळची. त्यानंतर पान कोरं.

मी विचारलं, "खाडी कशी ओलांडलीस?"

तो हसायचा थांबला. "ओलांडली रे..."

"तर बंद होती."

"जेवण होऊ दे ना, दाम्या."

पानं वाढली तेव्हा हा पंक्तीला बसेना. म्हणाला, पोट भरलेलं आहे. अहो, चार दिवस पाय मारलेला माणूस, समोर साखरभात, आणि म्हणे पोट भरलेलं! तिथेच माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. पाणी कुठेतरी मुरतंय हे कळायला कोर्टात असावं लागत नाही. ठाण्यात यायला दोन तरी, दोन्ही बंद. तिसरा रस्ता एकच, आगगाडीचा. भिवंडीहून मागे फिरून एखादं स्टेशन गाठायचं, आणि ज्याच्या खिशात रेल्वेचा पास आहे, ज्याला प्रत्येक स्टेशनातला मास्तर ओळखतो, त्याला पायगाडी गार्डच्या डब्यात टाकायला किती वेळ लागतो? जेवलाही तिथेच असणार, कुणा मास्तराकडे. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही तरींवर जाऊन तपास केला. कोणीही त्याला नावेतून आणलं नव्हतं. मग कल्याण गाठलं आणि त्याला घराबाहेर बोलावून सरळ विचारलं, "गाडीने आलास ना? सांग, मी कुणाला बोलणार नाही. पण खोट्यावर माझी सही नको."

तो म्हणाला, "गाडीने नाही आलो. याहून जास्त विचारू नकोस. तुला तरी विचारू नकोस म्हणायची वेळ यावी... असो." मी वहीच्या शेवटच्या पानावर शेरा लिहिला, "खाडी कशी ओलांडली हे कळले नाही. निर्णय राखून ठेवला आहे." त्याने वाचला, वही मिटली, आत नेऊन ठेवली. वाचनालयातल्या लोकांना शेरा कळला, आणि ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं तेच महिन्याभरात त्याला "पासवाला स्वार" म्हणायला लागले. ते नाव मीच काढलं होतं. घरात पहिल्यांदा म्हटलं, मग बाहेर गेलं.

त्याच मार्गशीर्षात त्याची धाकटी बहीण यमुना माझ्या धाकट्या भावाला दिली. स्थळ मीच, त्या फेरीच्या आधीच, जमवलेलं होतं. आमचं घर कडक. तेव्हा हयात असलेल्या माझ्या वडिलांना कुणी चहा पितो एवढं कळलं तरी त्याच्याकडचं पाणी बंद व्हायचं. लग्न थाटात झालं. आठ वर्षं यमुनेने माझं पान वाढलं, आणि आठ वर्षं मी तिच्यादेखत तिच्या भावाला पासवाला म्हणालो. ती ताकाचं भांडं ठेवायची आणि आत जायची. आम्ही दोघे भेटत राहिलो, बुद्धिबळ खेळत राहिलो, तो माझी थट्टा करत राहिला. पण पायगाडीचा विषय निघाला की तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. मी मनात म्हणायचो, खाई त्याला खवखवे.

तर दहाव्याचा दिवस. कल्याणला त्र्यंबकच्या घरी मी ओसरीवर बसलेलो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, एक म्हातारा सकाळपासून उभा. अंगात पलटणीतला जुना कोट, उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पुढे येईना, जाईना. मला संशय आला. उठून गेलो आणि दरडावलं, "कोण तुम्ही? काय पाहिजे?" त्याने वाकून जोहार घातला नाही, खाडकन सलाम ठोकला. "पेन्शनर हवालदार आहे. मास्तर गेले ते काल कळलं. दर नारळी पुनवेनंतर यायचे, अवंदा आले नाहीत म्हणून तपास केला." "कुठे यायचे?" "आमच्यात." एवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. त्र्यंबकची बायको सहसा ओसरीवर येत नाही, ती त्या दिवशी दारापर्यंत आली होती. "भावजी, त्यांना जाऊ देऊ नका. सावलीत बसवा. आणि तुम्ही आत या, आता मला सांगायलाच हवं."

तिने सांगितलं ते असं. शनिवारी अंधार पडताना त्र्यंबक खाडीच्या पलीकडच्या काठाला आला तेव्हा तर बंद. तापाने फणफणलेला, पाय वळत होते, गावात कोणी दार उघडेना. चाकांवर बसून आलेला चिखलाने माखलेला माणूस बघून लोकांनी कड्या लावल्या. शेवटी महारवाड्यातल्या हवालदाराने त्याला आत घेतलं. रात्रभर शेकलं, पेज पाजली, सकाळी भाकरी दिली. आणि दुपारी, भरतीचं पाणी जरा थांबलं तेव्हा, आपल्या होडक्यात घालून पलीकडे आणलं. सरकारी टपाल पूर असो नसो पलीकडे पोचवायचं काम त्या आळीकडे होतं, त्यासाठी त्यांचं स्वतःचं एक होडकं होतं. त्यात टपालाच्या थैल्या, पायगाडी, हवालदार, त्याचा भाऊ आणि मध्ये खेटून बसलेला त्र्यंबक.

मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. खाडीवर दोनच तरी, असं मी पंच म्हणून छातीठोक धरलं होतं. तिसरं होडकं कुणी लपवलं नव्हतं. रोज दिवसाढवळ्या टपाल घेऊन ये-जा करत होतं, माझ्या कोर्टाचे कागदसुद्धा त्यातूनच येत होते. पण ज्या होडक्यात मी कधी बसणार नाही ते मला होडकंच वाटलं नव्हतं. तरीवाल्यांनीही सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

"मला का नाही सांगितलं त्याने?" मी म्हणालो.

वहिनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली. "सांगितलं असतं तर यमुनावन्संचं लग्न तुमच्या घरात झालं असतं?"

झालं नसतं. वडिलांचं सोडा, मीच मोडलं असतं, आणि वर चार शास्त्राधार दिले असते.

"त्या रात्री पंक्तीला बसले नाहीत ते त्यासाठीच," ती म्हणाली. "तुम्हाला न कळता तुमची पंगत बाटवायची नाही, असं हे म्हणाले. मला विचाराल तर घाबरलेही होते. ते काही देव नव्हते, भावजी."

ते मला माहीत आहे. देव असता तर मला एवढा राग आला नसता. राग आला, त्र्यंबकचा आला. आठ वर्षं समोर बसून घोडे-उंट हलवत राहिलास, एकदा तरी म्हणायचं होतंस, दाम्या, गाढवा, तुझ्याच घरासाठी गप्प बसलोय! मग लक्षात आलं, की तो म्हणाला होता. "तुला तरी विचारू नकोस म्हणायची वेळ यावी." मला ती चोराची भाषा वाटली होती.

पुढच्या आठवड्यात मी वहिनीकडून वही मागून घेतली आणि कोलशेतच्या तरीने खाडी ओलांडून हवालदारांकडे गेलो. त्यांचं घर आळीच्या टोकाला, कुडाचं, पण अंगण असं झाडलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. मला बघून आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. धोतर-पगडीतला कारकून हातात वही घेऊन आला की यांच्याकडे आजवर चांगलं काही आलं नसणार. हवालदारांनी बसायला घोंगडी टाकली आणि स्वतः उभे राहिले. मी वही उघडली, भिवंडीनंतरचं कोरं पान दाखवलं. म्हटलं, "इथे तुमची सही हवी. दिवस आणि वेळ. त्याची फेरी खरी ठरेल."

त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. पोस्टमास्तर, फौजदार, शाळामास्तर. कितीतरी वेळ वाचत होते. मग वही मिटून माझ्यापुढे ठेवली.

"त्या रविवारी मी दौत-टाक काढून ठेवला होता," ते म्हणाले. "मला लिहिता येतं, पलटणीत शिकलो. मास्तरांच्या पिशवीत वही दिसत होती. म्हटलं, आता मागतील. त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. बघितलं माझ्याकडं आणि आवळलं."

मी वही मांडीवर ओढून घेतली.

"दुसऱ्या वर्षी आले. वही घेऊन आले. रडले, इथंच. म्हणाले, हवालदार, आता करा सही. मी म्हटलं, आता नाही. तुम्ही जेवा, बसा, वर्षाला या. पण सही नाही. ज्या वेळची त्या वेळी." त्यांनी चष्मा काढला. "मास्तरांना दिली नाही, ती तुम्हाला कशी देऊ? आणि हे कुठं छापणार असाल तर माझं नाव, गावाचं नाव घालू नका. टपालाच्या होडीत माणूस घातला म्हणून काम जाईल. तुमचं काय, तुम्ही लिहून मोकळे."

त्यांना माझा संशय होता, आणि तो रास्त होता. म्हणून या लेखात ती दोन नावं नाहीत, आणि काठाच्या एक-दोन खुणाही मुद्दाम फिरवल्या आहेत. बघा, वीस वर्षं मी साक्षी उतरवून घेतल्या, पण साक्ष देणार नाही म्हणणाऱ्या माणसावर इतका विश्वास पहिल्यांदाच बसला.

उठताना त्यांच्या बायकोने पडवीची भिंत दाखवली. शेणामातीने नीट सारवलेली, फक्त कमरेएवढ्या उंचीवर हातभर जागा सोडलेली. तिथे माती खरवडून आतला कूड दिसत होता. "मास्तर गाडी हितंच टेकवायचे," ती म्हणाली. "दरसाल मूठ घासायची आन् भित जायची. मी वरडायची. आता सारवायला हात जात न्हाय." मी त्या जागेवर हात ठेवला. सात वर्षं, सात वेळा, तो इथे येऊन जेवून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बुद्धिबळाला बसला होता. मला तिथे रडू कोसळलं. लाजबीज काही वाटली नाही.

मग मी म्हणालो, "मी जेवून जाईन."

हवालदारांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशाला? लिहायला?"

"भूक लागली आहे," मी म्हणालो. खरंच लागली होती, सकाळपासून काही पोटात नव्हतं. त्यांनी मला पुष्कळ वेळ न्याहाळलं. मी किती साक्षीदारांना असं न्याहाळलं असेल! शेवटी ते आत वळून म्हणाले, "वाढ." तांदळाची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, लसणीची चटणी. पहिला घास घेताना डोळ्यांपुढे वडील आले, हेही सांगतो. दुसरा सरळ गेला. भाजीत तिखट जास्त होतं, आणि मी दुसरी भाकरी मागून घेतली.

घरी परत आलो तेव्हा ऊन अजून होतं. आत न जाता अंगणातच भावाला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. हळूच म्हणाला, "अण्णा, प्रायश्चित्त घेऊन टाक. कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, "कळणार आहे. मी छापायला देतोय."  माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. यमुना उभी होती, किती वेळ कोण जाणे. आठ वर्षांत तिने मला आपणहून कधी प्रश्न विचारला नव्हता.

"भावजी... दादाची फेरी खरी होती?"

"खरी होती," मी म्हणालो. "पंच म्हणून सांगतो. मैल न् मैल खरी."

 मला वाटलं रडेल, चिडेल, पासवाला म्हणायचात ना, असं तोंडावर म्हणेल. म्हणायलाच हवं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमचं पान आत मांडू की बाहेर?"

"तू सांगशील तिथे," मी म्हणालो.

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. आत गेली, आणि रोजच्या जागी, पंक्तीच्या मध्यावर, पाट टाकल्याचा आवाज मी अंगणात ऐकला.

तेव्हा मंडळी, त्र्यंबकवर ज्यांनी आठ वर्षं माझ्या शब्दावर विसंबून संशय घेतला, त्यांनी तो आता काढून घ्यावा. तो माझा संशय होता, मला परत द्या. मी कुठे जेवलो ते वर लिहिलं आहे. आमच्या पंक्तीला यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.